शनिवारवाड्याला जग कसे कळे: पेशवाईतील बातमीपत्रांचा आढावा

अठराव्या शतकातील पुण्यात वर्तमानपत्र निघत नव्हते आणि सर्वांसाठी खुले असे टपालही नव्हते. तरी दिल्लीच्या बादशहाची प्रकृती कशी आहे, निजामाच्या दिवाणाचे कोणाशी बिनसले आहे, म्हैसूरच्या फौजेचा तळ कुठे पडला आहे, या गोष्टी शनिवारवाड्यात कळत असत. त्या कळत माणसांच्या पत्रांतून. परदरबारी ठेवलेले वकील, त्यांचे कारकून, सावकारांचे गुमास्ते, काशी-प्रयागला स्थायिक झालेले भिक्षुक, फौजेबरोबर गेलेले आप्तेष्ट हे सगळे लिहीत आणि त्या लिखाणावर पेशव्यांचे राजकारण चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या पत्रांचा मोठा साठा छापून निघाल्यामुळे ही व्यवस्था कशी चाले, ती कुठे तल्लख होती आणि कुठे आंधळी, हे आता बऱ्याच खात्रीने सांगता येते. थोडक्यात, जिथे आपला माणूस होता तिथली खडान्‌खडा माहिती होती. जिथे तो नव्हता तिथले सगळे ऐकीव.

ही पद्धत मराठ्यांनी शून्यातून उभी केली नाही. मोगलांच्या राज्यात सुभ्यासुभ्यांत वाकनीस म्हणजे वाकेनवीस नेमलेले असत, गुप्त खबर देणारे वेगळे असत, आणि दरबारात रोज काय घडले याचे फारसी अखबार लिहून काढले जात. मांडलिक राजे आपापले लेखक दरबारात ठेवून या अखबारांच्या नकला मागवीत. बादशाही खिळखिळी झाली तरी अखबार लिहिणाऱ्यांचा धंदा बुडाला नाही, उलट गिऱ्हाईक वाढले. दिल्लीहून पुण्याला जाणाऱ्या लाखोट्यात मराठी पत्राबरोबर अनेकदा असा फारसी अखबारही असे. मराठ्यांची भर वेगळीच आहे. मोगलांचा वाकेनवीस पगारी सरकारी नोकर होता, तर पुण्याचा बातमीदार बहुधा घरोब्यातला माणूस असे.

हिंगण्यांचे घराणे हे याचे ठळक उदाहरण. महादेव भट हिंगणे हे नाशिकचे तीर्थोपाध्ये. बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेन अलीबरोबर १७१८-१९ मध्ये दिल्लीला गेले तेव्हा महादेव भट सोबत होते. चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन पेशवे परतले आणि वकील म्हणून महादेव भट मागे राहिले. त्यांच्यानंतर बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम हे पुत्र आणि पुढची पिढी, असे हे काम जवळजवळ शतकभर त्यांच्या घरात राहिले. क्षेत्रीच्या उपाध्यायाला दिल्लीची वकिली का द्यावी, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. उत्तर सरळ आहे. यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे वहीत बाळगणारा, अनोळखी माणसाकडून दोन शब्दांत त्याचे गावगोत काढून घेणारा आणि विश्वासाला पात्र ठरलेला गृहस्थ त्या काळी दुसरा कोण मिळाला असता? शिवाय सबंध घराणे पेशव्यांना बांधलेले असल्यामुळे दगाफटक्याची भीती कमी.

वकिलांच्या पलीकडे ज्यांना कोणतेही पद नव्हते अशांचे जाळे होते. काशीत राहिलेले नारायण दीक्षित पाटणकर आणि त्यांचे पुत्र उत्तरेकडची हकीगत दक्षिणेत कळवत. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी तर एका जागी बसून चारी दिशांचा पत्रव्यवहार करीत. पेशवे, आंग्रे, सातारचा राजवाडा आणि जंजिऱ्याचा सिद्दी या सर्वांशी त्यांचा संबंध होता, आणि यांतल्या अनेकांना ते कर्जही देत. सावकार आणि साधू एकाच ठिकाणी, म्हणजे बातमी आपोआपच दारी येणार. १७३९ मध्ये वसई घेतल्यावर चिमाजी आप्पांनी वेढ्याची हकीगत स्वामींना सविस्तर लिहून पाठवली. ते पत्र आज त्या मोहिमेचे एक मुख्य साधन आहे. सावकारांचा पसारा याहून व्यापक. पुण्याच्या, औरंगाबादच्या पेढ्यांचे गुमास्ते उज्जैन, काशी, दिल्ली, सुरत येथे बसलेले. हुंडी वटेल की नाही हे जाणायचे तर त्या मुलखात फौज येणार की शांतता राहणार हे आधी कळायला हवे. त्यामुळे सावकारी पत्रातली बातमी सरकारी बातमीच्या पुढे धावे, आणि तिच्यात भाटगिरीही कमी असे. पैसे अडकले की माणूस खरे लिहितो.

पत्राचा बाज ठरलेला होता. मोडी अक्षर, कारकुनाचा हात, आरंभी मानाचे मायने, मग क्षेमकुशल, आणि त्यानंतर एकेका विषयाचे कलम. तिथी मराठी महिन्याची, शिवाय ‘छ’ हे अक्षर घालून मुसलमानी चांद्रमासाची तारीख. पत्र हाती आले की त्यावर ‘पै॥’ असे लिहून पोहोचल्याची तारीख टाकत. पैवस्त म्हणजे दाखल. संशोधकाच्या दृष्टीने हे दीड अक्षर फार मोलाचे आहे, कारण लिहिल्याची आणि पोहोचल्याची अशा दोन्ही तारखा एकाच कागदावर असल्या की बातमी किती दिवस वाटेत होती ते मोजता येते, आणि पेशव्यांनी अमुक हुकूम दिला तेव्हा त्यांना काय ठाऊक होते आणि काय नव्हते हे ठरवता येते. अनेक निर्णयांवरचा मूर्खपणाचा शिक्का केवळ या हिशेबाने पुसला गेला आहे. नाजूक मजकूर मुख्य पत्रात न घालता वेगळ्या पुरवणीत लिहीत. त्याहून नाजूक असेल तर कागदावर काहीच नाही, पत्र नेणारा मुखजबानी सांगेल एवढाच उल्लेख.

पत्र नेणारे जासूद आणि कासीद. जासूद बहुधा जोडीने निघत. एक आजारी पडला, मारला गेला, वाटेत अडकला तर दुसरा पुढे जाई. महत्त्वाच्या मजकुराच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या वाटांनी पाठवत, म्हणून अनेक पत्रांच्या आरंभी यापूर्वी रवाना केलेल्या जोड्या पोहोचल्याच असतील असा हिशेब दिलेला आढळतो. कासीद भाड्याने ठरवता येई. त्याच्या मजुरीला अजुरा म्हणत, आणि इतक्या दिवसांत पोहोचवल्यास इतका अजुरा असा करार असे. मोठ्या निकडीला सांडणीस्वार. पावसाळ्यात नर्मदा-तापीला पूर आला की सगळे थंडावे. मग कागद उतारावर पडून राहत आणि पुण्यात अफवांना ऊत येई.

बातमीपत्रांत काय असे याची कल्पना द. ब. पारसनीसांनी छापलेल्या महेश्वर दरबारच्या बातमीपत्रांवरून येते. अहिल्याबाई होळकरांच्या दरबारी असलेल्या पेशव्यांच्या माणसाने ती लिहिली. मोठमोठ्या मसलतींच्या शेजारी कोण आजारी, कोणाचे लग्न ठरले, कोणाची समजूत काढली, फौजेचा पगार किती थकला हेही त्यांत आहे. वाचताना प्रथम हा पसारा वाटतो. पण व्यक्तींवर चालणाऱ्या राज्यात बाईंचा रोष कोणावर आहे ही घरगुती गोष्ट नव्हती, आणि पगार थकलेली फौज महिनाभरात धरणे धरणार हे पुण्यात नाना फडणीसांना वेगळे सांगावे लागत नसे. बातमीदाराचे स्वतःचे रडगाणेही बहुतेक ठिकाणी ठरलेले: खर्चाची ओढ, कर्ज झाले, सरकारातून पैका येत नाही. कित्येक वकिलांना परक्या दरबारात त्याच दरबारच्या सावकारांकडून कर्ज काढून राहावे लागे, आणि ऋणको माणूस किती निर्भीडपणे लिहील ही शंका रास्त आहे.

जवळच्या माणसाचा भरवसा हे या जाळ्याचे बळ आणि तेच त्याचे दुखणे. घराणे वकिली करी तेव्हा ते स्वतःची जहागीर, स्वतःचे वैर आणि सोयरीकही सांभाळी. १७५०च्या दशकात दिल्लीत हिंगणे आणि मराठी फौजेचे अंताजी माणकेश्वर यांचे पटेना. दोघेही पेशव्यांना एकमेकांविरुद्ध लिहीत. त्यामुळे नेमक्या अब्दालीच्या स्वाऱ्यांच्या काळात दिल्लीची दोन चित्रे पुण्याला मिळत होती आणि कोणते खरे धरावे हे ठरवणारा तिसरा माणूस नव्हता.

पानिपताच्या मोहिमेत या साऱ्याची कसोटी लागली. ऑक्टोबर १७६०च्या मध्यास सदाशिवराव भाऊंनी कुंजपुरा घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून भाऊ आणि दिल्ली यांच्या मधोमध आला. फौजेचा रसदपुरवठा तुटला हे सर्वांनी लिहिले आहे; पत्रांची वाट त्याच वेळी तुटली याकडे तेवढे लक्ष जात नाही. रसद आणि बातमी दोन्ही पुरवू शकणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, तेव्हा उरलासुरला धागाही गेला. नानासाहेब पेशव्यांनी डिसेंबरच्या अखेरीस पैठणला लग्न केले म्हणून त्यांना इतिहासात फार बोल लागला आहे. त्या दिवशी छावणीची उपासमार त्यांना किती कळली होती, हा प्रश्न बोल लावणाऱ्यांनी आधी विचारायला हवा. छावणीतून बाहेर जाणारा एक अरुंद मार्ग शेवटपर्यंत राहिला, तोही ओळखीचाच. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेले काशीराज पंडित हे दक्षिणी ब्राह्मण. भाऊंनी तहाची बोलणी त्यांच्यामार्फत चालवली आणि १४ जानेवारी १७६१च्या पहाटेचा शेवटचा निरोपही त्यांनाच धाडला. पुढे १७८० मध्ये काशीराजांनी फारसीत लिहिलेली हकीगत शत्रूच्या गोटात बसलेल्या मराठी माणसाची साक्ष म्हणून आजही पहिल्या रांगेत आहे.

पराभवाची खबर पेशव्यांना सरकारी जासुदाने दिली नाही. ग्रँट डफने १८२६च्या आपल्या इतिहासात सांगितले आहे की पानिपताहून नऊ दिवसांत औरंगाबाद गाठण्याच्या बोलीने निघालेला सावकारांचा एक कासीद नर्मदेच्या आसपास पेशव्यांच्या लष्कराला भेटला आणि त्याच्याजवळचे पत्र फोडले गेले. त्यात सावकारी संकेत होता. दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि मोजदाद नसलेले रुपे-तांबे बुडाल्याचे लिहिले होते. मोती म्हणजे पेशव्यांचे पुत्र विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार. नऊ दिवसांत हजार-बाराशे किलोमीटर हे एका माणसाच्या पायांचे काम दिसत नाही, वाटेत टप्पे आणि माणसे बदलण्याची सोय पेढ्यांनी केलेली असणार. राज्यकर्त्याला आपल्या मुलाच्या मृत्यूची खबर व्यापाऱ्यांच्या टपालातून मिळावी यावरून कोणाचे जाळे अधिक मजबूत होते ते दिसते. नानासाहेब त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर वारले.

पहिली खबर लवकर आली, पण पक्की खबर कित्येक वर्षे आली नाही. भाऊंचे काय झाले याविषयी परस्परविरोधी पत्रे येत राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः त्या रणातून परतल्या होत्या, तरी त्यांनी अखेरपर्यंत सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. या संशयाच्या जागेतून भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. बुंदेलखंडाकडचा हा कनोजी ब्राह्मण पकडला गेला, रत्नागिरीच्या बाजूला कैदेत ठेवला गेला, १७७६ मध्ये सुटला आणि कोकणात त्याने मोठी फौज जमवली. त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. ज्या राज्याला दिल्लीच्या दरबारातली कुजबुज कळत होती त्याला आपल्याच सेनापतीचा मृत्यू पंधरा वर्षे निर्विवादपणे सिद्ध करता आला नाही, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. मेलेल्या माणसाची बातमी देणारे तिथेच मेले होते.

नाना फडणीसांच्या काळात या पद्धतीला शिस्त आली. नानांच्या हेरांच्या दंतकथा पुष्कळ आहेत. त्या बाजूला ठेवल्या तरी छापलेल्या पत्रांतून दिसणारी रीत अशी, की एका ठिकाणाहून एकाच माणसाचे ऐकायचे नाही. महादजी शिंदे उत्तरेत असताना ते स्वतः पुण्याला लिहीत, दिल्लीहून हिंगणे लिहीत, आणि महादजींच्या छावणीत बसलेले सदाशिव दिनकर नानांना निराळे लिहीत. १७८८च्या ऑगस्टमध्ये गुलाम कादिराने बादशहा शाहआलमचे डोळे काढले. त्या अवधीची हकीगत आज तपशिलाने सांगता येते ती बऱ्याच अंशी या मराठी वकिली पत्रांमुळे. जदुनाथ सरकारांसारख्या फारसीच्या जाणकाराने पारसनीसांच्या संग्रहातील दिल्लीच्या बातमीपत्रांचे इंग्रजी भाषांतर केले, यावरून त्यांचे वजन कळते. हैदराबादेत गोविंदराव काळे होते. निजामाच्या दरबारचा रंग, दिवाण मुशीरुल्मुल्काची उर्मट बोलणी, फौजेची जमवाजमव हे त्यांच्याकडून कळत राहिले आणि मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला पेशवे तयारीनिशी उतरले. महादजींच्या पराक्रमाविषयी काळ्यांनी १७९३ मध्ये नानांना लिहिलेले पत्र शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले आहे. ते फार गौरवपर असल्यामुळे लोक त्याला बातमीपत्र मानत नाहीत, पण लिहिणारा होता वकीलच.

हे एकतर्फी नव्हते. मिरजेच्या पटवर्धनांची माणसे पुण्यात बसून मिरजेला लिहीत, आणि वासुदेवशास्त्री खऱ्यांनी छापलेला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ बराचसा त्या पत्रांवर उभा आहे. गोव्याचे पोर्तुगीज सरकारही मराठी मुलखाची माहिती गोमंतकीय सारस्वत घराण्यांतील दुभाषे आणि वकील यांच्याकडून घेई. पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५२ मध्ये पोर्तुगीज भाषेत या वकिलांवर मोठा ग्रंथ लिहिला. तो पाहिला की पणजी आणि पुणे यांमधली बरीचशी मुत्सद्देगिरी कोकणी-मराठी बोलणाऱ्या माणसांनी आपापसांत केली असे वाटते.

समुद्रापलीकडे मात्र हे जाळे संपत होते. टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपियनांविषयी, पुण्याला जे कळे ते टोपीकरांच्याच तोंडून, फार तर एका टोपीकराने दुसऱ्याविषयी सांगितलेले. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्यात आला आणि फौजा-तोफांची मोठमोठी आश्वासने देऊ लागला. त्याच्या शब्दाला फ्रान्सात किती किंमत आहे हे विचारायला पुण्याचे तिथे कोणी नव्हते. नानांनी त्याचा उपयोग इंग्रजांना धाक घालण्यापुरता केला, आणि तो हिशेबी होता असे म्हणता येईल. पण त्या धाकाने मुंबईकर इंग्रज बिथरून युद्धाकडे अधिकच झुकले, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. १७८१ मध्ये एक मराठी वकील लंडनला गेला खरा, पण तो पुणे दरबारचा नव्हता. हणमंतराव आणि त्यांच्याबरोबरचे पारशी गृहस्थ यांना पेशवेपदासाठी पुणे दरबाराशी भांडणाऱ्या राघोबादादांनी स्वतःच्या कामासाठी पाठवले होते. एडमंड बर्कने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि सोवळ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतले काचघर दिले. इंग्रजांचे राज्य कंपनी चालवते, कंपनीवर पार्लमेंट आहे, पार्लमेंटात कंपनीचे कडवे विरोधक आहेत, हे प्रत्यक्ष पाहिलेला माणूस परत आला तो राघोबादादांकडे. शनिवारवाड्याच्या पदरात त्यातले काही पडले नाही.

उलट दिशेने काय झाले ते पाहावे. चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्यात इंग्रजांचा वकील म्हणून राहायला आला आणि दहा वर्षे संगमावरून दरबारची खबर कलकत्त्याला पाठवत राहिला. त्याच्यामागे मुन्शी, कारकून, अखबार लिहिणारे यांची देशी फळी होती. मराठ्यांच्या बातमीपद्धतीतली सगळी हत्यारे इंग्रजांनी उचलली, फक्त वकिली एका घराण्याला न देता दर काही वर्षांनी माणूस बदलला आणि दफ्तर मात्र कायम ठेवले. नव्या रेसिडेंटला जुन्याचे सगळे कागद वाचायला मिळत. पुण्यात वकील मेला की बरेच ज्ञान त्याच्या घरच्या पेटीत जाई. बाजीराव दुसऱ्यांच्या काळात रेसिडेंट एल्फिन्स्टनला पेशव्यांच्या घरातले इतके कळत होते की नोव्हेंबर १८१७च्या खडकीच्या लढाईची चाहूल त्याला आधीच लागली. त्याच्या माहितगारांत बाळाजीपंत नातूंसारखे पुण्यातलेच लोक होते.

त्या पेट्यांमधले कागद बाहेर काढण्याचे श्रेय पुढच्या काळातील संशोधकांचे. वि. का. राजवाड्यांनी वाई, नाशिक, काशी असे हिंडून वाडे धुंडाळले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि पुढे बावीस खंड झाले. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या काळात छापले. हिंगण्यांचे दफ्तर वेगळे प्रसिद्ध झाले. तरीही पुण्याच्या पेशवे दफ्तरातील बहुतांश रुमाल न छापलेलेच आहेत, आणि सफाईने मोडी वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. आजवर निवड झाली ती लढाया आणि तहांची. सावकारी पत्रे, धान्याच्या धारणा, बायकांची पत्रे यांच्याकडे आधीच्या पिढीने दुय्यम म्हणून पाहिले. सामान्य माणसाला दूरचे जग किती कळत होते हे सांगू शकेल असा मजकूर बहुधा त्यांतच आहे.

लंडनमध्ये ठाण मांडून बसलेला मराठी वकील अखेरीस मिळाला, पण तो पेशव्यांना नाही, सातारच्या छत्रपतींना. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेला गेले. तिथे इंग्रजी शिकून, कंपनीच्या भागीदारांच्या सभांत उभे राहून, पत्रके छापून त्यांनी चौदा वर्षे काम केले. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीला वारले, १८४८ मध्ये सातारा खालसा झाला, आणि रंगो बापूजी १८५३ मध्ये परतले तेव्हा लंडनची हकीगत लिहून पाठवावी असे राज्य उरले नव्हते.